गोळी लिहून देताना तिचे दुष्परिणामही सांगा: ठाण्यातील डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे शहर व परिसरातील फॅमिली डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ आणि औषधविक्रेते यांस,

विषय: नैराश्याच्या आणि झोपेच्या औषधांच्या दुष्परिणामांची माहिती रुग्णाला मराठीत व लेखी मिळण्याबाबत.

स.न.वि.वि.

मी पाचपाखाडीत राहते, ऐरोलीतील एका कंपनीत हिशेबाचे काम करते आणि गेली काही वर्षे नैराश्यावर एस्सिटालोप्राम घेत आहे. या औषधाने मला गुण आला हे सुरुवातीलाच नमूद करते, कारण दुष्परिणामांचा विषय काढणारा माणूस औषधांच्याच विरोधात आहे असा समज आपल्याकडे फार लवकर होतो. माझे म्हणणे एवढेच आहे की गोळी हातात देताना पुढच्या पंधरा दिवसांत काय त्रास होऊ शकतो आणि ती कमी करण्याची वेळ आल्यावर ती कशी कमी करायची, या दोन्ही गोष्टी रुग्णाला पहिल्याच भेटीत कागदावर मिळाल्या पाहिजेत. त्या मिळत नाहीत म्हणून माणसे आपल्या मनाने गोळी बंद करतात, किंवा बंद करायची तीच गोळी वर्षानुवर्षे घेत राहतात. हे पत्र वाचणाऱ्या रुग्णांनी मात्र कृपा करून ते वाचून कोणतेही औषध एकदम थांबवू नये. तसे का करू नये याचे कारण पुढे येईलच.

या औषधांची मोठी अडचण अशी की त्रास आधी सुरू होतो आणि गुण मागाहून येतो. ज्या सेरोटोनिनवर एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही औषधे काम करतात, त्याचा बहुतांश साठा मेंदूत नसून आतड्यांत असतो. त्यामुळे मळमळ, पातळ शौच, भूक मरणे हे पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होऊ शकते. त्याच्या जोडीला डोकेदुखी, घाम आणि हातांना बारीक कंप. मनावरचा परिणाम जाणवायला मात्र दोन ते चार आठवडे, काहींना त्याहूनही अधिक काळ लागतो. मधल्या दिवसांत काही रुग्ण आधीपेक्षाही अस्वस्थ होतात, त्यांना एका जागी बसवत नाही, पहाटे छातीत धडधडून जाग येते. जो माणूस आधीच खचलेला आहे, त्याला कोणी काहीच सांगितलेले नसेल तर तो यातून एकच निष्कर्ष काढतो, की आपला आजार वाढला. घरातले वडीलधारे म्हणतात, तुला ही गोळी गरम पडली. आणि पहिल्या आठवड्यातच पाकीट कपाटात जाते. पुन्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर तो सांगतो की अमुक औषध मला लागू पडले नाही, आणि केसपेपरवर तशीच नोंद होते. वास्तविक त्या औषधाला लागू पडायला वेळच मिळालेला नसतो.

यावर उपाय फार अवघड नाहीत आणि ते आपल्या सर्वांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. निम्म्या मात्रेने सुरुवात केली, गोळी जेवणानंतर घेतली, तर पोटाचा त्रास पुष्कळ कमी होतो आणि बहुतेकांचा तो एक-दोन आठवड्यांत ओसरतो. गोळीने झोप उडत असेल तर ती सकाळी घ्यावी, गुंगी येत असेल तर रात्री. आमच्या घरांतून एकादशी, चतुर्थी, नवरात्र असे उपवास असतात आणि कित्येक बायका त्या दिवशी गोळी एक तर टाळतात, नाही तर चहावर घेऊन दिवसभर मळमळ सहन करतात. उपवासाच्या दिवशी काय करायचे हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि त्याही डॉक्टरांना विचारत नाहीत. पंचवीस वर्षांखालील रुग्णांच्या बाबतीत तर हे पहिले आठवडे अधिकच जपायचे असतात. नैराश्यावरील औषधांमुळे लहान वयात आत्महत्येचे विचार वाढू शकतात असा ठळक चौकटीतील इशारा छापणे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली बंधनकारक केले आणि २००७ साली त्याची व्याप्ती २४ वर्षांच्या तरुणांपर्यंत वाढवली. याचा अर्थ मुलांना औषध देऊ नये असा कोणीही काढू नये. परंतु मुलाची पहिल्या आठवड्यात एकदा चौकशी व्हावी आणि त्याच्या आईवडिलांना कशाकडे लक्ष ठेवायचे ते सांगितले जावे, इतकी अपेक्षा रास्त आहे.

आता ज्या दुष्परिणामाविषयी रुग्ण बोलत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत, त्याविषयी. कामेच्छा मंदावणे, पुरुषांना वीर्यस्खलनाला फार विलंब होणे, स्त्रियांना समागमात तृप्ती न मिळणे हे या गटातील औषधांचे अगदी नेहमीचे परिणाम आहेत, आणि मळमळीसारखे ते आपोआप ओसरतील याचा भरवसा नसतो. नौपाड्यातील किंवा वर्तकनगरमधील एखाद्या दवाखान्यात, जिथे डॉक्टरांच्या टेबलाला लागूनच पुढचा रुग्ण बसलेला असतो आणि मध्ये फार तर एक पडदा असतो, तिथे पन्नाशीतला गृहस्थ ही गोष्ट स्वतःहून काढेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. तो गप्प राहतो, घरात बायकोशी अबोला धरतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी गोळी गुपचूप सोडून देतो. बायकांचे तर याहून कठीण, कारण त्यांना हा औषधाचा परिणाम आहे हेच माहीत नसते आणि दोष वयावर किंवा नवऱ्यावर जातो. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते, ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिन यांसारखा हा त्रास कमी असलेला पर्याय विचारात घेता येतो. फक्त प्रश्न डॉक्टरांनी विचारायला हवा, आणि तो खालच्या आवाजात विचारला तरी चालेल.

या पत्रात मला सर्वांत अधिक जे मांडायचे आहे ते जोडगोळीविषयी. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेले औषध आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाते. त्यामागचा हेतू मला समजतो: पहिले औषध काम करू लागेपर्यंत दुसऱ्याने झोप लागावी आणि घालमेल थांबावी. प्रत्यक्षात रुग्णाला वाटते की आपण नैराश्याची एक गोळी घेत आहोत. तिच्यात सवय लावणारे झोपेचे औषध आहे हे त्याला ठाऊकच नसते. ज्या गटात क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम येतात, ती औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे सलग देऊ नयेत असा सर्वसाधारण संकेत आहे, कारण त्यानंतर शरीराला त्यांची सवय लागू लागते. नैराश्याचे औषध मात्र बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने चालू ठेवायचे असते. ज्या दोन औषधांची मुदत इतकी वेगळी आहे ती एकाच गोळीत घातली की एकाची मुदत दुसऱ्याला आपोआप लागू होते, आणि तीच चिठ्ठी दर महिन्याला दुकानात दाखवून रुग्ण वर्षभर क्लोनाझेपाम घेत राहतो. पुढे ते कमी करायचे ठरवले तरी गोळी अर्धी केल्यावर दोन्ही औषधे अर्धी होतात. एक कमी करून दुसरे तेवढेच ठेवणे शक्य नसते. एकदम बंद केले तर झोप पार उडते, हातपाय थरथरतात, जीव कासावीस होतो, आणि मात्रा मोठी असेल तर फिट येण्याचाही धोका असतो. असे होऊ लागले की रुग्णाची खात्री पटते की या गोळीशिवाय आपण जगूच शकत नाही.

क्लोनाझेपामचा शरीरातील अंश निम्म्यावर यायला साधारण ३० ते ४० तास लागतात, म्हणजे रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशीही अंगात असते आणि रोज घेतली तर साठत जाते. सकाळी ट्रान्स हार्बर मार्गाच्या गाडीत दाराशी लटकणारा तरुण, घोडबंदर रस्त्यावर अवजड ट्रकांच्या मधून स्कूटर काढणारी मुलगी, वागळे इस्टेटमधील एखाद्या कारखान्यात यंत्रावर हात ठेवणारा कामगार, यांच्यापैकी किती जणांना सांगितले जाते की पहिले काही दिवस वाहन आणि यंत्र जपून चालवा? महापे आणि ऐरोलीत रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. गोळी ‘रात्री एक’ अशी लिहिलेली असते आणि त्यांची रात्र सकाळी आठला सुरू होते. यातले काही जण चिठ्ठीचे शब्दशः पालन करून गोळी घेऊन कामावर जातात. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या कचेरीत पाहिले आहे.

झोल्पिडेम या झोपेच्या गोळीबाबत दोन गोष्टी प्रत्येक रुग्णाला सांगण्यासारख्या आहेत. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध अधिक सावकाश बाहेर पडते आणि सकाळपर्यंत त्याचा अंमल राहू शकतो हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये साध्या गोळीची स्त्रियांसाठीची शिफारस १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली. त्याच प्रशासनाने २०१९ साली झोपेत चालणे, झोपेत वाहन चालवणे, झोपेत स्वयंपाक करणे अशा प्रकारांविषयी सर्वांत कडक इशारा दिला. माझ्या एका मावशींनी ही गोळी चालू असताना मध्यरात्री उठून कणीक मळली, गॅस पेटवला, पोळ्या केल्या, आणि सकाळी त्यांना त्यातले काहीच आठवत नव्हते. घरच्यांनी त्यांना विसराळूपणाच्या तपासण्यांसाठी नेले, पैसे खर्च केले, त्याही घाबरल्या. गोळीकडे कोणाचे लक्षच गेले नाही. दुसरे असे की ही गोळी घेतल्यावर लगेच अंथरुणावर पडायचे असते आणि पुढे सात-आठ तास झोपेला मोकळे हवेत. आमच्याकडे बायका साडेनऊला गोळी घेतात आणि मग दुधाला विरजण लावणे, कडधान्य भिजत घालणे, उशिराच्या गाडीने येणाऱ्याला वाढणे, ओटा पुसणे हे सगळे त्या गुंगीत करतात. पडणे, भाजणे, वाढल्याचे विसरणे यातूनच होते. एका ओळीने हे टळू शकते: सगळी कामे आटोपून दिवा मालवायच्या वेळीच गोळी घ्यावी.

वृद्धांविषयी थोडे सविस्तर लिहिते. सेरोटोनिनवरील औषधांमुळे रक्तातील सोडियम कमी होऊ शकते. वय जास्त असेल, रुग्ण बाई असेल आणि लघवी वाढवणारे रक्तदाबाचे औषध जोडीला असेल तर ही शक्यता बरीच वाढते. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांच्या नावापुढे जो एच लिहिलेला असतो, तो बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइडचा असतो, आणि ते याच प्रकारचे औषध आहे. आजी दिवसभर झोपून राहू लागल्या, बोलताना गोंधळू लागल्या, चालताना झोकांड्या देऊ लागल्या की घरात सर्वांचे एकमत होते की आता वय झाले. सोडियमची तपासणी कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत होते आणि फार महाग नसते. औषध सुरू करण्यापूर्वी एकदा आणि नंतर दोन ते चार आठवड्यांत एकदा ती करून घेतली तर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ अनेकदा टळेल. रात्री लघवीला उठताना झोपेच्या गोळीच्या अमलाखाली तोल जाऊन खुब्याचे हाड मोडणे हा प्रकार तर प्रत्येक इमारतीत एखाद्या घरी घडलेला असतो. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधाने तोंडाला कोरड पडते, शौचाला खडा होतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबू शकते. दुखण्यावर किंवा झोपेसाठी लहान मात्रेत ते अजूनही दिले जाते, त्यामुळे घरच्यांना ते मनाचे औषध आहे याची कल्पनाही नसते.

औषधांच्या आपसातील वैराविषयी थोडक्यात. गुडघेदुखीसाठी दिलेले ट्रामाडोल आणि कोरड्या खोकल्याच्या औषधातील डेक्स्ट्रोमेथॉर्फन ही नैराश्याच्या गोळीबरोबर घेतल्यास सेरोटोनिन अति वाढून ताप, थरथर, गोंधळ अशी गंभीर अवस्था क्वचित उद्भवते. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. झोपेच्या गोळीवर दारू घेणे जिवावर बेतू शकते. दातांच्या डॉक्टरांना आपण मनाची गोळी घेतो हे सांगायला रुग्ण लाजतो, म्हणून त्यांनीच विचारावे.

बंद करण्याच्या बाबतीत तर आम्हाला अक्षरशः वाऱ्यावर सोडले जाते. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्याची औषधे शरीरातून लवकर जातात, त्यामुळे दोन दिवस चुकले तरी डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, गरगरणे, विचित्र स्वप्ने, विनाकारण रडू येणे सुरू होते. गणपतीला कोकणात गेलेल्या माणसाची गोळी ठाण्यातच राहिली आणि तालुक्याच्या दुकानात ती मिळाली नाही, तर गौरीविसर्जनापर्यंत त्याची जी अवस्था होते ती पाहून घरच्यांना वाटते की आजार उलटला. फरक ओळखायची एक साधी खूण आहे: औषध सुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो आणि त्यात शरीराच्या तक्रारी अधिक असतात, तर आजार परततो तो हळूहळू, आठवड्यांनी. ही खूण चार शब्दांत सांगता येते, पण मला ती माझ्या डॉक्टरांकडून न कळता वाचनातून कळली. मात्रा आणि परिणाम यांचे प्रमाण सरळ नसते हेही रुग्णाला सांगायला हवे. २० मिलिग्रॅमवरून १० वर येताना मेंदूतील परिणाम जेवढा घटतो, त्याहून कितीतरी अधिक तो शेवटच्या ५ वरून शून्यावर येताना घटतो. म्हणून शेवटची पायरी सर्वांत सावकाश उतरायची असते. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स या संस्थेने २०२० साली सामान्य लोकांसाठी याविषयी सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले. आपल्या चिठ्ठीवर मात्र ‘एक आड एक दिवस, मग बंद’ एवढेच लिहिलेले असते, जे लवकर उतरणाऱ्या औषधांसाठी मुळीच सोयीचे नाही, कारण आड दिवशी शरीर पुन्हा पुन्हा रिकामे पडते.

हे सगळे सांगणे हा डॉक्टरांच्या सौजन्याचा भाग आहे असे समजले जाते, म्हणून कायद्याची आठवण करून देते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २२ प्रमाणे रुग्णाला त्याच्या आजाराचे स्वरूप, प्रस्तावित उपचार आणि त्या उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि ती त्याला समजेल अशा भाषेत व स्वरूपात मिळण्याचाही. आपण यावर म्हणाल की कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा १९०१ पासून चालत आलेल्या आपल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाची रांग पाहता प्रत्येकाला एवढे समजावणे अशक्य आहे. मला ते मान्य आहे, आणि म्हणूनच मी कागद मागते आहे. नैराश्याच्या औषधांसाठी अर्धे पान आणि झोपेच्या औषधांसाठी अर्धे पान, ठळक मराठीत, चिठ्ठीला टाचलेले. त्यावर पहिल्या पंधरवड्यातला त्रास, लगेच फोन करण्याची लक्षणे, कोणत्या औषधांबरोबर घेऊ नये आणि ‘आपल्या मनाने बंद करू नका, कमी करायला आमच्याकडे या’ हे वाक्य असावे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा २४ तास चालणारा १४४१६ हा क्रमांक, जिथे मराठीतून बोलता येते, आणि औषधांचे दुष्परिणाम कळवण्यासाठी असलेला १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांकही त्यावर असावा. भारतात औषधसुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, रुग्णाने स्वतः भरायचा त्याचा अर्ज मराठीतही आहे, परंतु तो मी आजवर एकाही दवाखान्यात पाहिलेला नाही.

औषधविक्रेत्यांना दोन शब्द. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम परिशिष्ट एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतात, त्यामुळे त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपणे आपल्यावर बंधनकारक आहे. रुग्णाचे नाव वहीत लिहिताना ‘किती दिवस घेताय?’ एवढे विचारायला कितीसा वेळ लागतो? आपण दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून देता तेव्हा औषधाचे नाव एका तुकड्यावर राहते आणि मुदत दुसऱ्यावर. माहितीपत्रक तर खोक्यातच राहते आणि रुग्णाच्या हाती कधीच येत नाही. ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ असे म्हणून पर्यायी औषध देताना नावापुढे प्लस आहे की नाही हे कृपया पाहत जा. त्या एका शब्दामुळे माणूस साध्या गोळीवरून क्लोनाझेपामच्या जोडगोळीवर जातो आणि ते ना त्याला कळते, ना त्याच्या डॉक्टरांना.

असा कागद तयार करण्यासाठी इंडियन मेडिकल असोसिएशनच्या ठाणे शाखेने आणि शहरातील औषधविक्रेत्यांनी एकत्र बसावे अशी माझी विनंती आहे. मजकूर तज्ज्ञांनीच लिहावा. तो सामान्य माणसाला समजतो की नाही हे तपासण्यासाठी रुग्ण हवे असतील तर मी आणि माझ्या ओळखीचे काही जण येण्यास तयार आहोत. बैठकीची वेळ मात्र संध्याकाळी सातनंतरची ठेवावी, आमच्यापैकी बहुतेक जण नोकरी करतात.

कळावे,
आपली विनीत,
पाचपाखाडी, ठाणे येथील एक रुग्ण